नानांनी न दिलेली शिवी

लग्नकार्यात कोणीतरी माझी ओळख करून देतं, "हे हेलिकॉप्टर शिकवायचे," की समोरचा माणूस आधी मांडवाच्या कापडाकडे बघतो, मग माझ्या पोटाकडे, आणि मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय शिकवायचात?" मी सांगतो, "उभं राहायला." तो हसतो. मी थट्टा करतोय असं वाटून आणखी एक जिलबी घ्यायला निघून जातो. मी थट्टा करत नसतो. लष्करातून बाहेर पडल्यावरची सगळी वर्षं मी पोराबाळांना हवेत उभं राहायलाच शिकवलं.

हेलिकॉप्टर पुढे जायला लागलं की बरंच शहाण्यासारखं वागतं. खरी परीक्षा असते ती जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एका जागी थांबण्याची. याला आमच्या धंद्यात हॉवर म्हणतात. डाव्या हाताशी एक दांडा असतो, मोटारीच्या हँडब्रेकसारखा. तो वर ओढला की यंत्र वर जातं, खाली केला की खाली येतं. उजव्या हातात काठी असते. ती जिकडे झुकवाल तिकडे यंत्र सरकतं. पायाशी दोन पेडल असतात, त्यांनी नाक फिरतं. सांगायला हे इतकं सोपं आहे. पण यातल्या एकाला हात लावला की उरलेले दोघे रुसतात. दांडा उचलला की नाक वळतं, नाक सरळ करायला पाय दाबला की यंत्र बाजूला पळतं, ते आवरायला काठी हलवली की उंची जाते. नवा मुलगा घाबरून काठी घट्ट धरतो आणि यंत्र आणखीनच उधळतं. ओली साबणाची वडी घट्ट धरली की निसटते ना, तसंच ते. म्हणून आम्ही सांगतो, बोटं सैल सोड, नजर लांबच्या डोंगरावर ठेव, पायाखाली बघू नकोस. जवळचं बघितलं की माणूस प्रत्येक हिसक्याला उत्तर द्यायला जातो.

आणि शिकवणारा काय करतो? शेजारच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसतो. त्याच्याही समोर तेच दांडे, तीच काठी असते. चूक वाढताना बघत बसायचं आणि ती अंगाशी यायच्या आत "माझ्याकडे" म्हणून ताबा घ्यायचा, एवढंच त्याचं काम. ताबा फार लवकर घेतला तर समोरचा जन्मात शिकत नाही. हे थांबणं मला चांगलं जमतं, असा माझा समज होता आणि थोडा गर्वही होता.

आमची शाळा खाजगी होती आणि सरावाचं मैदान होतं कोळवणच्या खोऱ्यात. मूळची भाताची खाचरं, सपाट करून घेतलेली. विद्यार्थी तऱ्हेतऱ्हेचे यायचे. मारुंजीचे एक गृहस्थ होते. जमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्या, खोल्या भाड्याने गेल्या, आणि भाडेकरूंच्या पाण्याच्या तक्रारींना कंटाळून ते हेलिकॉप्टर शिकायला आले. रोज सगळं कुटुंब गाडीत घालून आणायचे. एकदा हॉवर अगदी छान जमला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की डाव्या हाताचा दांडा सोडून त्यांनी बायकोला हात केला. मी तो दांडा कसा पकडला ते माझं मला माहीत. दुसरा एक हिंजवडीतला इंजिनिअर. घरच्या कॉम्प्युटरवर सराव करून आला होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, माझं बेसिक झालंय, आपण डायरेक्ट अॅडव्हान्सला जाऊ." दहा मिनिटांनी खाली उतरला आणि मैदानात उकिडवा बसला.

मैदानाच्या डाव्या अंगाला बांध आणि बांधापलीकडे दगडूनानांचं खाचर. सत्तरी ओलांडलेला, काटक, डोक्याला टोपी, तोंडात कायम शिवी. नानांना शिवीशिवाय वाक्य सुरू करता येत नसे. सुनेला, मुलाला, ग्रामसेवकाला, ढगाला, सगळ्यांना एकाच मापाने. मी लष्करात कोणत्या हुद्द्यावर होतो याच्याशी गावाला देणंघेणं नव्हतं, मी मेजर. सकाळी यंत्र सुरू झालं की नाना बांधावर यायचे आणि हात उंचावून ओरडायचे, "ए मेजर, मुडद्या, त्ये तुजं भिंगरं घिऊन जा की पुण्याला! म्हस आटली माजी!" पंखा थांबला की मलाच हाक मारून ताक द्यायचे. दोन बैल होते त्यांचे, पाखऱ्या आणि हौशा. त्यांनाही शिव्या खाऊनच सवय होती. मला वाटतं नानांनी शिवी दिली नाही तर ते औताला चाललेच नसते.

सुजाता याच मैदानावर आली. माले गावची मुलगी, वडील एसटीत कंडक्टर. आमच्याकडे येणारी बाकीची मुलं पुण्या-मुंबईची. मुळशीतून आलेली ही पहिलीच. पहिल्या दिवशी मी विचारलं, "घरचे काय म्हणाले?" ती म्हणाली, "पप्पा म्हणाले, एसटीत निदान बेल मारून थांबवता येतं." मला ती मुलगी तिथेच आवडली.

तिच्या आईचं माहेर त्याच खोऱ्यातलं, नानांच्या गावच्या बुद्धवाडीतलं. तिची आजी, आई, सगळ्या नानांच्या शेतात लावणीला जायच्या. सुजाता लहानपणी सुट्टीत आजीकडे असायची. त्यामुळे स्कूटर ती नानांच्या अंगणात लावायची आणि नाना तिच्यावर वसकन ओरडायचे, "ए टवळे, दारात गाडी लावतीस? बैलांनी काय डोक्यावनं जायचं?" ती हसत स्कूटर तसूभर बाजूला घ्यायची. तेवढ्याने नानांचं समाधान व्हायचं.

शिकताना ती कोणत्याही गोष्टीची घाई करत नसे. इतर मुलं यंत्राशी भांडतात. ही आधी यंत्र काय करतंय ते बघायची. बोटं सैल सोडायला मला तिला सांगावं लागलं नाही. म्हणाली, "सर, भरलेली पाटी डोक्यावर असली की मान ताठ धरायची नसते, तसंच आहे हे." सुरुवातीचे काही दिवस सोडले तर तिचा हॉवर असा असायचा, की मी मांडीवर हात ठेवून चक्क गवताकडे बघत बसावं. पुढच्या आठवड्यात तिला एकटीला सोडायचं ठरलं होतं. पहिल्यांदा एकट्याने उडणं हा आमच्याकडे मोठा दिवस असतो. उतरल्यावर डोक्यावर बादलीभर पाणी ओततात. तिच्या वडिलांनी त्या दिवसाची रजाही मागून ठेवली होती.

आता राबाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. भाताची रोपं ज्या तुकड्यात करतात त्याला राब म्हणतात. उन्हाळ्यात त्या जागेवर शेण, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पाला, गवत यांचे थर पसरायचे, वर माती टाकायची आणि सगळं भाजायचं. ती राख पावसापर्यंत तशीच जपायची, मग तिच्यात बी पेरायचं. डोंगरातून पाला आणायला घरातल्या बायकापोरांचे दोन-तीन महिने जातात. वाऱ्याने राख उडाली की ती सगळी मेहनत गेली. म्हणून आमचा आणि नानांचा अलिखित करार होता. त्यांनी राब भाजला की आम्ही त्या बाजूला जायचं नाही. मैदानात बांधापासून बरंच अलीकडे पांढऱ्या फक्कीची रेघ मारलेली असायची. त्या वर्षीही होती.

उन्हाळ्यात सकाळी हवा शांत असते. ऊन चढलं की डोंगरावरून झुळका सुरू होतात, त्याच्या आत आम्ही काम आटोपतो. त्या दिवशी पहिली झुळूक जरा लवकर आली. यंत्र डावीकडे सरकू लागलं. हे रोजचंच होतं. सुजाता सावरेल म्हणून मी थांबलो, आणि ती सावरायला लागलीही होती. पण सरकणं थांबेपर्यंत फक्कीची रेघ मागे गेली आणि पाठोपाठ बांधही. आमच्याखाली नानांचं खाचर आलं. तिची नजर खाली गेली.

दुसऱ्या कुणाला तिथे जळकी काळी जमीन दिसली असती आणि त्याने नजर पुन्हा डोंगरावर नेली असती. तिला राब दिसला, हे मला फार नंतर कळलं. राखेचा पहिला भपका उठताना तिने बघितला आणि वारा कमी करावा म्हणून घरातला पंखा कमी करतात तसा तिने दांडा खाली केला. त्याच वेळी काठी उजवीकडे लोटली, मैदानाकडे परत यायला. दोन्ही चांगल्या हेतूने. या आकाराच्या हेलिकॉप्टरला चाकं नसतात. खाली दोन आडव्या नळ्या असतात, त्यांवर ते टेकतं. आम्ही खाली बसत बसत उजवीकडे गेलो आणि उजवी नळी बांधाला अडकली. मी "माझ्याकडे" म्हणालो. माझे हातही पोचले होते. पण नळी अशी अडकली की यंत्र तिच्याभोवती कलंडतं, आणि एका मर्यादेपलीकडे गेलं की कोणाचेच हात उपयोगाचे नसतात. ती मर्यादा आम्ही ओलांडली होती.

पाती जमिनीवर आपटली. तो आवाज मला लिहिता येत नाही. मग काळोख झाला, राखेचा. मी पट्ट्यांना लटकलो होतो आणि खालच्या बाजूला सुजाता. त्या काळोखात मला खट्, खट् असे आवाज आले. ती शिकवल्याप्रमाणे इंधन बंद करत होती, एकेक स्विच बंद करत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "सर, तुम्ही ठीक आहात ना?" इतक्या वर्षांत मी शिकवलेल्यांपैकी कोणाचाही मला इतका अभिमान वाटला नाही.

राखेतून पहिले आले ते नाना. तोंड काळं, टोपी गायब. "पोर कुटं हाय? मेजर, पोर कुटं हाय?" त्यांनीच तिला दारातून वर ओढून काढलं, बांधावर बसवलं, हातपाय चाचपून बघितले. "धड हाय," ते मला म्हणाले, "पोर धड हाय." तिच्या खांद्याला खरचटलं होतं, माझं मनगट मुरगळलं होतं. एवढ्यावर भागलं असं वाटून मी खाली बसलो, तेवढ्यात खाचराच्या टोकाला, बैल बांधले होते त्या उंबराखालून हौशा हंबरला.

पातं जमिनीवर आपटतं तेव्हा त्याचे तुकडे उडतात. किती लांब जातात याचा आम्हाला अंदाज असतो आणि उंबर त्या अंदाजाच्या पुष्कळ पलीकडे होता. एक तुकडा तिथवर गेला होता. पाखऱ्या आडवा झाला होता, मानेखाली रक्त साचलं होतं, डोळे उघडे होते. हौशा दाव्याला ओढ देत त्याच्याकडे जायला बघत होता. नाना जवळ गेले, बसले, पाखऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. मी मनात म्हटलं, आता सुटतील. मला शिव्या हव्याच होत्या. सुजाता माझ्या मागे येऊन उभी राहिली होती आणि रडत होती. नाना उठले, तिच्याजवळ आले आणि इतक्या हलक्या आवाजात बोलले की मला तो त्यांचा आवाज वाटेना.

"रडू नगा बाळ. तुमच्या जिवावरचं हुतं, त्येनं आपल्या अंगावर घेतलं."

त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकही शिवी आली नाही. तिला नाही, मला नाही, यंत्रालाही नाही.

पुढचं कामकाज रीतसर झालं. विमान वाहतूक खात्याचे अधिकारी आले, मोजमापं झाली. शिकाऊ वैमानिकाने दांडा अवेळी खाली केला, प्रशिक्षकाला ताबा घ्यायला वेळ लागला, असा निष्कर्ष निघाला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, मी सही केली. दांडा खाली का केला असं त्यांनी सुजाताला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चुकून." नानांची भरपाई शाळेने दिली. ते मैदान मात्र शाळेने सोडलं आणि पावसाळ्यानंतर दुसरीकडे सराव सुरू करायचं ठरवलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. विद्यार्थ्याला अपघात झाला आणि तो धडधाकट असला तर लवकरात लवकर त्याला पुन्हा यंत्रात बसवायचं. भीतीला घर करायला सवड द्यायची नाही. सुजाताच्या बाबतीत ते करता आलं नाही. यंत्र मोडलेलं, शाळा बंद, चौकशी चालू. पाऊस सुरू झाला तो गणपतीपर्यंत सरला नाही. एवढी सवड कुठल्याही भीतीला पुरते.

गणपती झाल्यावर मी माल्याला तिच्या घरी गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात निसवलेलं होतं. वडील ड्यूटीवर निघाले होते. "जयभीम सर, बसा. बोला जरा तिच्याशी, आमचं तर ऐकत नाही," असं म्हणून ते गेले. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिची पायलटच्या परीक्षेची पुस्तकं नीट रचून ठेवलेली होती. तिने चहा केला. मी सांगितलं, नवं यंत्र आलंय, मैदान मोठं आहे, आजूबाजूला माळ आहे, शेत नाही. तुझी जागा मी दसऱ्यापर्यंत राखून ठेवलीय.

तिने रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "सर, मी चुकून नव्हता केला दांडा खाली. राब होता नानांचा. लहानपणी आजीबरोबर मी त्याच राबासाठी पाला वाहिलाय. मला वाटलं, वारा कमी केला की राख राहील."

मला तोपर्यंत हे ठाऊक नव्हतं. मी शेजारी बसून सगळं बघितलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

"तू उडायला घाबरतेस का?" मी विचारलं.

"नाही सर. हात तर अजून झोपेतसुद्धा काठी धरतात. पण मी नानांच्या दारात जाऊ शकत नाही. गेले होते एकदा. खुर्ची दिली मला त्यांनी. सुनेला म्हणाले, म्याडमला च्या कर. आजीला बांधावरून शिव्या द्यायचे. आईला द्यायचे. मला टवळी म्हणायचे. आता म्हणतात बसा म्याडम. एक शिवी दिली असती ना सर, तर मी दुसऱ्या दिवशी आले असते तुमच्याकडे."

निघताना तिची आई दारापर्यंत आली. "जरा येळ द्या सर तिला," एवढंच म्हणाली. मी मान हलवली.

येताना मी गाडीत एकटाच हसलो, हे कबूल करतो. वाटलं, रोग मोठा आणि औषध किती साधं! ज्या माणसाचं तोंड उघडलं की शिवी पडते त्याच्याकडून एक शिवी मिळवायची. आयुष्यभर पोरांना थांबायला शिकवलेला मी, नवरात्रात सरळ नानांच्या ओटीवर जाऊन बसलो.

"नाना, एक काम होतं. सुजाताला शिव्या द्यायच्यात."

नानांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "डोस्कं फिरलं का काय मेजर?"

मी सगळं सांगितलं. राबाचंही सांगितलं. नाना ऐकत होते, तंबाखू तशीच हातावर राहिली. "माज्या राबापायी?" ते म्हणाले. मग म्हणाले, "शिव्या लई हायेत माज्याकडं. पर त्या पोरीला बघितलं की त्वांडात येत न्हाईत. डोळ्याफुडं पाखऱ्या येतुया. वाटतं, आता त्वांड उघडलं तर काय न्हाई ते निघंल. म्हनून गप बसतो."

हे वाक्य मी त्या वेळी नीट ऐकायला हवं होतं. मी म्हणालो, "नाना, एकदा. तिच्या भल्यासाठी."

"चला तर मग," नाना म्हणाले आणि टोपी घातली.

पौडच्या फाट्यापर्यंत ते गाडीत शिव्या आठवत होते. पुटपुटत, बोटांवर मोजत. "टवळे तर म्हनतोच. त्ये काय न्हवं. जरा दांडगी पायजे." एक-दोन मलाही नव्या होत्या. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून हसू दाबत होतो. इतका हलका मी त्या वर्षात झालो नव्हतो.

सुजाता अंगणात कपडे वाळत घालत होती. नानांना बघून ती जागच्या जागी उभी राहिली. तिची आई, शोभाताई, लगबगीने बाहेर आल्या. नानांनी त्यांना हातानेच थांबवलं, अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि बांधावर उभे असल्यासारखा आवाज लावला.

"ए टवळे! डोळे फुटले हुते का तुजे? आं? माजा राब वाचवाया गेलीस? कुनी सांगितलं हुतं? राब दरसाल हुतोय! राखंचं काय घिऊन बसलीस, भवाने!"

सुजाताच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मी बघितलं ते, खोटं नाही सांगत. मला वाटलं, झालं, जमलं. नानांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण इतके महिने बंद असलेलं तोंड उघडलं होतं.

"राब हुतोय. पाखऱ्या कुठनं आणू?" आवाज खाली आला. "हातानं दूध पाजलं हुतं त्येला. आणि त्यो हौशा! पाखऱ्या गेला आन् ह्यो खाईना. पेंड न्हाई, पानी न्हाई. मोकळ्या दाव्याकडं बघून रातभर हंबरायचा. म्या कान झाकून निजायचो. शेवटी इकला. इकला म्या त्येला. लोकास्नी सांगतो, लेकीकडं धाडला. बाजारात दावं दुसऱ्याच्या हातात दिलं तर मागं वळून बघाया लागला, आन् म्या पळालो गं, पळालो तितनं..."

हौशा गेला हे मलाही माहीत नव्हतं. मी त्यांच्या ओटीवर कितीदा बसलो, मागे गोठ्याकडे कधी गेलोच नाही.

नाना अंगणातच खाली बसले आणि तोंडावर टोपी धरून रडायला लागले. म्हातारा माणूस असा रडताना मी कधी बघितला नव्हता. सुजाता त्यांच्याजवळ गेली, शेजारी बसली. तिने त्यांना हात लावला नाही, नुसती बसून राहिली. त्यांचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "चला नाना, तुम्हाला घरी सोडते." मी गाडी आहे म्हणालो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नको सर, मी सोडते." तिने स्कूटर काढली, नानांना मागे नीट बसवलं, त्यांचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ठेवून घेतले आणि सावकाश निघून गेली.

अंगणात मी आणि शोभाताई उरलो. त्या अर्धी वाळत घातलेली ओढणी हातात धरून उभ्या होत्या.

"सर, तुमी आजच कशाला आणलंत त्यांना?" त्या म्हणाल्या. चिडून नाही, नुसतंच. "परवाच म्हनली मला. दसऱ्याला सरांच्या घरी जाते पेढे घिऊन, न सांगता, आन् परत सुरू करते. दोन दिवस पुस्तकं काढून बसली हुती. मला म्हनली, सांगू नकोस कुनाला."

मी गाडीकडे वळलो.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज स्वच्छ होता. नाना व्यवस्थित पोचले, जेवले, म्हणाली. मग म्हणाली, "सर, माझी जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या." मी म्हणालो, घाई करू नकोस, दसऱ्यापर्यंत जागा तुझीच आहे. ती हो म्हणाली, मोठ्या माणसाचं मन ठेवायला म्हणतात तसं. फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "सर, हौशा कुठल्या बाजारात विकला, येताना गाडीत काही बोलले का नाना?"

मी नाही म्हणालो. गाडीत आम्ही शिव्या आठवत होतो.

शाळेने विचारलं तेव्हाही मी ती जागा कोणाला दिली नाही. दसऱ्याला सकाळपासून बाहेरच्या खोलीत बसून होतो, फाटक दिसेल असा. बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली. संध्याकाळी शेजारीपाजारी सोनं द्यायला आले, त्यांच्यातल्या कोणीतरी पेढेही आणले होते. दुसऱ्या दिवशी मी ती जागा भरली.